मदत हवी आहे: फ्लोमीटरचे आकडे जुळेनात, क्षारतेच्या आलेखात काटे

भरती_ओहोटी: डब्ल्यूपी-२ हे प्लवक पकडायचं जाळं, तोंड ०.२५ चौ. मी., छिद्रं २०० मायक्रॉन. प्राणीप्लवकांसाठी (पाण्यासोबत वाहणारे बारीक जीव) ५० मीटरवरून सरळ वर ओढतो. म्हणजे १२.५ घनमीटर पाणी गाळलं जायला हवं. तोंडातून गेलेलं पाणी पंख्याने मोजणाऱ्या फ्लोमीटरचा एक आकडा २.६९ सेंमीचा, तेव्हा ओढीआधीच्या आणि नंतरच्या आकड्यांत फरक १८६० च्या आसपास अपेक्षित. पहिल्या ठिकाणी ११८० आला, दुसऱ्या ठिकाणी २९००! मीटर बदलू का? सीटीडीच्या (खोलीनुसार क्षारता आणि तापमान नोंदवणारं यंत्र) क्षारतेतही २२ मीटरपाशी, तापमान झपकन उतरतं नेमकं तिथे, काटे, म्हणजे अचानक टोकं, येतात. आणि बरणीतल्या टेरोपॉडची (तरंगत्या समुद्री गोगलगायी) कवचं महिनाभरात विरघळल्यासारखी दिसतात.

गाळणी: मीटर लगेच बदलू नका, दोन्ही आकड्यांची कारणं वेगळी आहेत.

११८० म्हणजे ३२ मीटर, ७.९ घनमीटर. जाळं तुंबलंय. ओलं कापड उजेडासमोर धरा: हिरवट-तपकिरी बुळबुळीत थर दिसला तर वनस्पतीप्लवकांनी छिद्रं बुजवली आहेत. हिशेबात १२.५ धरलेत तर जीवांची घनता ३७ टक्के कमी निघेल. आकडा अपेक्षेच्या ८५ टक्क्यांखाली गेला की मी तो नमुना बाद करतो. ५०–२५ आणि २५–० असे दोन तुकडे ओढा, पण खालच्या तुकड्यासाठी बंद होणारं जाळं लागेल. प्रत्येक ओढीनंतर जाळं बाहेरून धुवा. तोंडातून पाणी मारलंत तर त्या पाण्यातले जीवही नमुन्यात येतात.

२९०० म्हणजे ७८ मीटर. दोर ५० चा असताना हे अशक्य. उतरताना पंखा उलटा फिरतोय, नाहीतर डेकवर वाऱ्याने. जाळं काढून त्याच्या तोंडाची नुसती कडी मीटरसकट ५० मीटर सोडा आणि वर घ्या. १८६० आले तर उलट फिरणं अडतंय. ३७०० च्या आसपास आले तर ते मिळवलं जातंय. शून्याजवळ आले तर वजा होतंय. उपाय एकच, उलट-रोध असलेला, म्हणजे पंखा उलटा फिरू न देणारा मीटर. आणि तो तोंडाच्या मध्यात नको, मध्य आणि कड यांच्या अधेमधे बांधा.

भरती_ओहोटी: दोर साधारण ३० अंश कलतो. चालेल?

गाळणी: कोसाइन ०.८७, म्हणजे जाळं ४३ मीटरवरच पोचलं. कोन दर वेळी नोंदवा, दोर ५८ मीटर सोडा, आणि तळ किती खोल आहे ते आधी बघा. ओढ मिनिटाला ४५ मीटर, मधे न थांबता.

क्षार_मापक: सीटीडी ठीक आहे. तापमान आणि विद्युतवाहकता हे दोन संवेदक एकाच पाण्याला वेगवेगळ्या क्षणी प्रतिसाद देतात, आणि क्षारता त्या दोन्हींवरून काढली जाते. म्हणून उताराच्या जागीच काटे. प्रक्रियेत दोन्ही नोंदी काळाने जुळवा. सोडताना सीटीडी आधी काही मीटर खोलीवर दोन-तीन मिनिटं थांबवा, पंपातली हवा निघू द्या. मग एकसारख्या वेगाने सोडा. उतरतानाचीच नोंद वापरा, चढताना संवेदक चौकटीने ढवळलेल्या पाण्यात असतात.

कवचांचं: नमुना टिकवायचं फॉर्मॅलिन आम्लधर्मी होत जातं. ते मारायला बोरॅक्स तळाशी न विरघळलेला उरेपर्यंत घाला, मगच वापरा. ५०० मिलीच्या बरणीत प्लवक एक तृतीयांशाच्या वर नको, तीव्र फॉर्मॅलिन ५० मिली, बाकी गाळलेलं समुद्राचं पाणी. हातमोजे, खेळती हवा, यात सूट नाही. डीएनए हवा असेल तर वेगळा हिस्सा ९५ टक्के इथेनॉलमध्ये, २४ तासांनी द्रव बदलून.

भरती_ओहोटी: नुसती कडी सोडून पाहिली: ३६९०. मिळवलंच जात होतं. उलट-रोधाचा मीटर मागवतो.

गाळणी: मग २९०० वाला नमुना संख्येसाठी बाद, जातींच्या यादीसाठी ठेवा.