स्टेफीला विसरता काऊन?
टेनिस म्हटलं की सगळे सेरेना विल्यम्सच्या 23 ग्रँडस्लॅमवरच (ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन आणि यूएस या चार मोठ्या स्पर्धांच्या एकेरीतल्या विजेतेपदांवर) अडकलेत, म्हणून हे. स्टेफी ग्राफची 22 आहेत, मान्य. पण चारही स्पर्धा एकेरीत किमान 4-4 वेळा जिंकलेलं दुसरं कोणी दाखवा. बाई नाही, बाप्या नाही. 1988 मध्ये तर चारही जिंकून वर सेऊलचं ऑलिंपिक सुवर्ण! (त्या वर्षीची फ्रेंच फायनल 6-0, 6-0. झ्वेरेवाची दया येते बाप्पा.) 1993 मध्ये तिची मोठी प्रतिस्पर्धी मोनिका सेलेसवर चाकूहल्ला झाला नसता तर आकडा कदाचित कमी असता, हे कबूल. पण 1999 मध्ये इतक्या दुखापतींनंतर मार्टिना हिंगिसला हरवून पॅरिसची फ्रेंच स्पर्धा जिंकली, ती कोणाच्या मेहेरबानीनं? आणि तिचा तो बॅकहँड स्लाइस (हाताची मागची बाजू पुढे करून, एका हातानं चेंडू कापल्यासारखा मारलेला फटका)! आपल्या नागपुरातले पोट्टे दोन हातांनी नुसते बडवतात; त्यांना तो दाखवा कोणीतरी.