नेपियन नदीकाठची पांढऱ्या कपड्यातली माणसं: मँडियन म्हणजे नक्की कोण?

भटक्या_सिडनी:
मंडळी, रविवारी सकाळी सिडनीजवळ पेनरिथला नेपियन नदीवर गेलो होतो. काठाला वीसेक माणसं, सगळी डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्यात, दाढीवाले पुजारी कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून एकेकाला तीनदा बुडवतायत आणि वर तेच नदीचं पाणी ओंजळीने प्यायला देतायत, माझे तर जॅकेट घालून दात वाजत होते. शेजारी क्रॉससारखं लाकूड, त्यावर रेशमी कापड. मला वाटलं ख्रिश्चन असतील, पण एक काका म्हणाले आम्ही मँडियन, इराकचे. घरी येऊन वाचलं तर २००३ आधी इराकात साठ-सत्तर हजार होते ते आता जेमतेम पाच हजार. हे काय प्रकरण आहे? आणि बाहेरच्याला धर्मात घेत नाहीत म्हणे, मग टिकणार कसे?

जुनापुराणा:
तो क्रॉस नाही, द्राब्शा म्हणतात त्याला, त्यांचं निशाण. येशूला मानतच नाहीत ते, मानतात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला. ग्रंथ गिन्झा रब्बा, भाषा अरामीची एक शाखा. आणि हा बाप्तिस्मा, म्हणजे तुम्ही पाहिलंत ते पाण्यात बुडवणं, एकदाच घेऊन संपत नाही, पुन्हा पुन्हा घ्यायचा आणि तोही वाहत्या पाण्यातच, म्हणून वस्ती कायम नदीकाठी, दक्षिण इराक आणि इराणचं खुजिस्तान. पहिल्या महायुद्धात आपल्या मराठा पलटणी १९१५-१६ ला इराकातल्या कूतच्या वेढ्यात अडकल्या होत्या ना, त्याच टापूतले हे. पिढीजात धंदा सोनारकाम आणि होड्या बांधणं. चांदीवर काळ्या रंगात होड्या, खजुराची झाडं असं काय नाजूक काम करतात!

आणि तेच सोनारकाम नडलं. २००३ च्या अमेरिकी हल्ल्यानंतर बगदादमध्ये कायदाच उरला नाही, ज्याचं सोन्याचं दुकान त्याला उचला आणि खंडणी मागा. धर्मात हत्यार धरायला बंदी, पाठीशी ना टोळी ना मिलिशिया. मुसलमान हो नाहीतर निघ अशा धमक्या वेगळ्याच. त्याआधी नव्वदच्या दशकात सद्दामने दलदलीचा प्रदेश कोरडा केला, तिथलीही माणसं उठली.

चहा_कमी_साखर:
पण साहेब, सगळा दोष बाहेरच्यांवर टाकून कसं चालेल? बाहेर लग्न केलं की मुलं धर्मात नाहीत, हे नियम कुणी केले? आपल्याकडे पारशांचं हेच चाललंय की.

जुनापुराणा:
मुद्दा मान्य, पण पारशांना मुंबईत निवांतपणा मिळाला, यांना कुठे? इराणच्या घटनेत पारशी, ज्यू, ख्रिश्चन यांना मान्यता आहे, मँडियनांना नाही, म्हणजे कॉलेज-नोकरीला अर्ज करतानाच गोची. इराकात २००५ च्या घटनेत नाव तरी आलं. त्यांचा अब्दुल जब्बार अब्दुल्ला, एमआयटीचा डॉक्टरेट, बगदाद विद्यापीठाचा प्रमुख, त्यालाही १९६३ च्या बंडानंतर तुरुंगात टाकलं.

शेवंता७१:
मला १८३१ ची गोष्ट जास्त थरारक वाटते. कॉलऱ्याच्या साथीत सगळे पुजारी गेले, एकही नाही उरला. आणि पुजाऱ्याशिवाय ना बाप्तिस्मा ना लग्न, नवा पुजारी करायलाही आधीचा पुजारीच लागतो. मग याह्या बिहराम आणि राम झिहरून, पुजाऱ्यांच्या घरातलेच पण स्वतः पुजारी नसलेले, पोथ्या वाचता येत होत्या म्हणून त्यांनी एकमेकांच्या मदतीने पौरोहित्य पुन्हा उभं केलं. नियम वाकवला म्हणा हवं तर. पण म्हणूनच तुम्हाला रविवारी नदीत कुणीतरी दिसलं. आमच्याकडे सत्यनारायणाला गुरुजी मिळेना तर आम्ही यूट्यूब लावला, हसू नका.

स्वीडनमध्येही बरेच आहेत, डाल्बीला २०१८ मध्ये त्यांचं मंदिर झालं. तिथल्या थंडीपुढे तुमची नेपियन म्हणजे गरम पाण्याचा बंब.

भटक्या_सिडनी:
हाहा. पुढच्या रविवारी परत जातो. काकांनी निघताना हातात पुदिन्यासारख्या वासाची हिरवी डहाळी दिली होती, काय आहे ते विचारायचंच राहिलं.

जुनापुराणा:
बहुतेक मर्टल असेल, सुवासिक पानांचं झुडूप, त्याचीच छोटी वेणी पुजारी बाप्तिस्म्यात डोक्यावर ठेवतात. पण विचाराच.