शब्दचर्चा: शोषण, अवशोषण, अधिशोषण

शब्दवेध: हवेतलं बेंझिन मोजण्याची कार्यपद्धती मराठीत लिहायची आहे. 'अ‍ॅब्सॉर्प्शन' आणि 'अ‍ॅडसॉर्प्शन' दोन्हींना 'शोषण' म्हटलं तर चालेल का?

परीक्षानळी: नाही. अमोनिया सौम्य सल्फ्युरिक आम्लात शिरतो, विरघळतो, ते अवशोषण. बेंझिन सक्रिय कोळशाच्या छिद्रांत पृष्ठभागाला चिकटून राहतं, ते अधिशोषण. उपसर्गच बोलतात: 'अधि' म्हणजे वर (अधिरोहण), 'अव' म्हणजे खाली, आत (अवगाहन). 'पृष्ठशोषण' हा पर्यायही नेमका आहे, आणि नवख्याला तो लवकर कळतो.

शब्द एक केला की काळज्याही एक होतात, खरा धोका तो. पंपाने हवा ओढून बेंझिन धरायच्या कोळशाच्या नेहमीच्या नळीत पुढे १०० आणि मागे ५० मिलिग्रॅम कोळसा असतो. मोठा भाग हवा शिरते त्या बाजूला, नळी उभी, पंप मिनिटाला ०.२ लिटर. नळी आडवी धरली तर कणांच्या वर फट पडते आणि हवा कोळशाला न शिवता निघून जाते. चिकटायला जागा मोजकीच; दमट हवेत पाण्याची वाफ तीच अडवते. मागच्या भागात पुढच्याच्या १० टक्क्यांहून जास्त बेंझिन सापडलं, तर काही निसटलं असं धरून नमुना बाद करावा.

अवशोषणात अडचण वेगळी. हवा ज्या द्रवातून बुडबुडत जाते, त्या बाटलीतलं पाणी उडून द्रव आटतो, म्हणून मोजणीआधी ऊर्ध्वपातित पाण्याने तो खुणेपर्यंत भरून घ्यावा.

मापक: सल्फर डायऑक्साइडच्या पॅरारोझॅनिलीन पद्धतीत द्रवाला आलेला रंग ५६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजतात. तिथे 'प्रकाशशोषण' असा पूर्ण शब्दच हवा, नाहीतर वायूचं शोषण की प्रकाशाचं, कळत नाही.

शब्दवेध: आणि 'डिसॉर्प्शन'?

परीक्षानळी: 'विशोषण', पण कृती सांगताना 'सोडवून घेणे' बरं. कोळशाचे दोन्ही भाग वेगळ्या कुप्यांत, प्रत्येकी १ मिलिलिटर कार्बन डायसल्फाइड (बेंझिन विरघळवून घेणारा द्रव), अर्धा तास अधूनमधून हलवत. सगळं सुटत नाही. कोऱ्या (हवा न ओढलेल्या) नळीतलं वजा करून ५.७ मायक्रोग्रॅम उरलं आणि ९५ टक्केच सुटतं, तर खरं ६. साठ मिनिटांत १२ लिटर हवा ओढली असेल, तर घनमीटरला ५०० मायक्रोग्रॅम.

मापक: हवाशुद्धीकरण यंत्राच्या माहितीपत्रकातही 'अधिशोषण'च लिहा. चिकटलेलं सुटू शकतं: भरत आलेला कोळसा तापला की वायू परत खोलीत सोडतो. 'शोषून घेतो' वाचणाऱ्याला तो बदलायला हवा हे सुचत नाही.