मदत हवी आहे: स्वीडनमध्ये तंबूत राहणार, व्हिसासाठी मुक्काम काय दाखवू?

येत्या जुलैत एकट्याने सायकलवर ऑस्टरसुंड – स्ट्रॉमसुंड – गेडेडे – स्टेकेनयोक – विल्हेल्मिना करायचंय. स्टेकेनयोकच्या पठारावर पक्ष्यांच्या विणीमुळे १० जुलैपर्यंत रस्ता सोडून फिरायला बंदी असते, म्हणून निघणार त्यानंतरच.

एकूण १६ रात्री. पाच कॅम्पिंगच्या जागी, त्यांचं बुकिंग झालंय. उरलेल्या ११ रात्री जिथे अंधार पडेल तिथे तंबू (अंधार कसला, तिकडे तेव्हा रात्री अकरालाही उजेड!). स्वीडनमध्ये ‘अलेमान्सरेट’मुळे (निसर्गात मोकळेपणी वावरण्याचा सगळ्यांचा हक्क) घरांपासून लांब एखादी रात्र मोकळ्यावर तंबू ठोकता येतो. पण शेंगेन व्हिसाला (स्वीडनसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक व्हिसा) मुक्कामाचा पुरावा लागतो. एजंट म्हणतो, "हॉटेलं बुक करा, व्हिसा आला की रद्द करा." खोटं दाखवायचं नाहीये.

विमा, बँक स्टेटमेंट, रजेचं पत्र तयार आहे. पहिलाच शेंगेन, तिकडे ओळखीचं कुणी नाही. मनाली-लेह एकट्याने केलंय, त्यामुळे सायकल आणि सामानाचं बघून घेईन.

तंबूचा मुक्काम खरा तसा दाखवून कुणाला व्हिसा मिळालाय का? त्या रात्रींसाठी नेमका कोणता कागद जोडलात: दिवसवार आराखडा पुरला, की आणखी काही मागितलं?