चर्चा: यादवी युद्धात नदी हाती आली की निम्मं युद्ध जिंकलं?

हरिपूरकर (सांगली):
अमेरिकेच्या यादवी युद्धाचा (1861 ते 1865; एकीकडे उत्तरेची संघराज्याची फौज, दुसरीकडे फुटून निघालेली दक्षिणेची राज्यं) विषय निघाला की सगळे गेटिसबर्गवर येऊन थांबतात. माझ्या मते निकाल मिसिसिपी नदीवर लागला. गेटिसबर्गची लढाई 3 जुलै 1863 ला संपली आणि दुसऱ्याच दिवशी, 47 दिवसांच्या वेढ्यानंतर, मिसिसिपीच्या काठावरचं व्हिक्सबर्ग पडलं. दक्षिणेच्या सुमारे 29 हजार सैनिकांनी तिथं हत्यारं खाली ठेवली. 9 जुलैला त्याच नदीवरचं दक्षिणेचं ठाणं पोर्ट हडसनही गेलं. सगळी मिसिसिपी उत्तरेच्या ताब्यात आली आणि टेक्सास, आर्कान्सा हे प्रांत बाकीच्या दक्षिणेपासून तुटले. हा घाव दक्षिणेला पुढे कधीच भरून काढता आला नाही. तुम्हाला काय वाटतं?

माहुलीकर (सातारा):
दादा, नाही पटलं. टेक्सास तुटल्यावरही दक्षिण जवळजवळ दोन वर्षं लढत होती. तिचं कंबरडं मोडलं ते 1864 मध्ये अटलांटा पडल्यावर, आणि उत्तरेचा सेनापती शर्मन याची लाखभर फौज तिथवर पोसली गेली ती रेल्वेच्या एकेरी रुळावर. नदीचा भरवसा काय धरायचा? त्याच वर्षी उत्तरेची गनबोटींची (तोफा चढवलेल्या बोटींची) तुकडी लुइझियानातल्या रेड रिव्हर नदीत वर गेली आणि पाणी उतरल्यावर अलेक्झांड्रियाच्या खडकांपाशी अडकून पडली. शेवटी जोसेफ बेली या अधिकाऱ्यानं लाकूड-दगडाचे बंधारे घालून पाणी चढवलं, तेव्हा मे महिन्यात बोटी सुटल्या. उन्हाळ्यातली कृष्णा बघणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

आणि आपल्याकडचंच बघा. 1707 मध्ये शाहू महाराज आणि ताराराणी यांच्या फौजा खेडला समोरासमोर आल्या, त्या भीमेच्या काठावरच. पण निकाल लागला धनाजी जाधव शाहूंकडे आले म्हणून. यादवीत माणसं फिरतात, नदी जागच्या जागी असते.

गावभागातला (सांगली):
माहुलीकर, खेडचा मुद्दा बिनतोड आहे. पण दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट सुटतेय: नदी आडवी आहे की उभी?

पूर्वेला व्हर्जिनियात नद्या फौजेच्या वाटेत आडव्या. नोव्हेंबर 1862 मध्ये उत्तरेचा सेनापती बर्नसाइड रॅपाहॅनॉक नदीच्या काठावर होड्यांच्या पुलाचं सामान येण्याची वाट बघत बसला. तेवढ्यात दक्षिणेचा सेनापती ली यानं पलीकडच्या टेकड्या धरल्या, आणि डिसेंबरमध्ये तिथं फ्रेडरिक्सबर्गला उत्तरेची 12 हजारांवर माणसं मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. पश्चिमेला उलट. टेनेसी नदी उभी, थेट दक्षिणेच्या पोटात शिरणारी. तिच्या काठावर दक्षिणेनं फोर्ट हेन्री हा किल्ला बांधला, तोही सखल जागी. 6 फेब्रुवारी 1862 ला गनबोटी आल्या तेव्हा नदीला पूर होता आणि किल्ल्यात पाणी शिरलेलं. तोफखान्याच्या मोजक्या माणसांनिशी किल्लेदारानं तास-सव्वा तास झुंज दिली आणि निशाण उतरवलं. 2019 ला इथं सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा आमच्या माजघरात गुडघाभर पाणी होतं. धान्याची पोती माळ्यावर चढवताना हात कसे गळून जातात ते मला माहीत आहे. भिजल्या दारूगोळ्यापाशी उभ्या असलेल्या त्या गोलंदाजांचे हाल म्हणूनच मला लांबचे वाटत नाहीत.

हेन्री पडताच गनबोटी काही दिवसांत अलाबामापर्यंत जाऊन आल्या. असा वेग त्या काळी पायदळाला कुठून यायचा?

माहुलीकर:
काका, मग आठ दिवसांनी दक्षिणेच्या दुसऱ्या नदीकाठच्या किल्ल्यावर, फोर्ट डोनेल्सनला, काय झालं तेही सांगा. तो किल्ला उंचावर होता. तिथं गनबोटी मार खाऊन मागे फिरल्या, आणि किल्ला घेतला तो उत्तरेचा सेनापती ग्रँट याच्या पायदळानं.

गावभागातला:
मान्य. नुसत्या बोटींनी काम होत नाही, काठही हवा. व्हिक्सबर्गलाही तेच झालं. 16 एप्रिल 1863 च्या रात्री उत्तरेचा आरमारी अधिकारी पोर्टर यानं तोफांच्या माऱ्यातून बोटी खाली काढल्या आणि 30 एप्रिलला त्याच बोटींनी ग्रँटची फौज पूर्वेच्या काठावर उतरवली. बोटी नसत्या तर ग्रँट पलीकडेच राहिला असता.

हरिपूरकर:
आडवी-उभीचा हिशोब माझ्या डोक्यात नव्हता, काका. त्या हिशोबानं आपली वारणा आडवी. 1731 च्या तहात शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजी महाराज यांनी तीच हद्द धरली. तरी मिसिसिपीचं माझं म्हणणं मी सोडत नाही. माहुलीकर, अटलांटावर निघालेल्या शर्मनच्या पाठीमागचा मुलूख आधी कशानं मोकळा झाला होता? हेन्री, डोनेल्सन आणि व्हिक्सबर्ग, तिन्ही नदीकाठचेच. याचं उत्तर द्या.