पवनेचं पाणी पाइपातून आणायचं की पात्रातून?

निगडीकर
सोसायटीच्या मीटिंगमध्ये काल यावरून जवळजवळ हातघाई झाली, म्हणून इथे धागा काढतोय. पिंपरी-चिंचवडला नोव्हेंबर २०१९ पासून एक दिवसाआड पाणी येतं. तेव्हा माझा मुलगा बालवाडीत होता, आता पाचवीत आहे. 'आज पाणी आहे की नाही' हे त्याला वारापेक्षा आधी कळतं.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: पवना धरणातून पाणी नदीत सोडतात, ते रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत वाहत येतं, तिथून उपसून निगडीला सेक्टर २३ च्या केंद्रात शुद्ध करतात. त्याऐवजी धरणापासून निगडीपर्यंत साधारण ३५ किलोमीटर बंद जलवाहिनी टाकायची, असं ठरलं. शहरांच्या सुधारणेसाठीच्या नेहरू योजनेतून केंद्र सरकारचा पैसाही मिळाला. ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ एक्स्प्रेस वेवरच्या आंदोलनात गोळीबार झाला, तीन शेतकरी गेले आणि काम थांबलं. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने स्थगिती उठवली, विरोध मात्र होता तिथेच आहे.

माझं मत सरळ आहे. प्यायचं पाणी ३५ किलोमीटर उघड्यावरून आणायचं आणि मग शुद्ध करत बसायचं, याला काय अर्थ आहे? धरणातलं स्वच्छ पाणी पाइपात घाला, विषय संपला.

पवनाथडी
विषय तुमचा संपेल हो, आमचा तिथूनच सुरू होतो.

आमची चार एकर जमीन नदीला लागून आहे. मोटर पात्रात आहे आणि विहीर काठापासून शंभर पावलांवर. मे महिन्यात नदीला धरणाचं पाणी असतं तेव्हा विहिरीत दोन पुरुष पाणी राहतं. मध्ये आठ-दहा दिवस विसर्ग कमी झाला की फुटबॉल, म्हणजे मोटरच्या पाइपाच्या टोकाची झडप, उघडा पडतो आणि मोटर हवा खेचायला लागते. उन्हाळ्यात नदी वाहते ती शहराला पाणी न्यायचंय म्हणून. उद्या ते पाणी पाइपात गेलं तर पात्रात काय राहील, गोटे?

आणि ज्यांनी या धरणासाठी जमिनी दिल्या, त्यातल्या अनेकांचं पुनर्वसन अजून झालेलं नाही. ते आधी करा, मग पाइपाचं बोलू.

निगडीकर
शेतीच्या वाट्याचं पाणी नदीत सोडतच राहणार की. बंद करायचं ते फक्त शहराचं पाणी.

पवनाथडी
कागदावर. आज शहराला तहान लागते म्हणून पाणी सुटतं आणि जाता जाता आमचं भागतं. उद्या दुष्काळी साली शहराचा व्हॉल्व्ह आधी उघडेल की आमचं शेतीच्या पाण्याचं आवर्तन आधी सुटेल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

बिनपाण्याचा
शेतकऱ्यांनी मोटरी लावून फुकट पाणी ओढायचं आणि पट्टी भरणाऱ्यांनी टँकर मागवायचे. छान आहे.

पवनाथडी
पाणीपट्टी आम्हीही भरतो साहेब. पावत्या दाखवू?

जुना फिटर
तीस वर्षं पाणीपुरवठ्यात काढली, दोन्ही बाजूंना थोडं खटकेल असं लिहितो.

जलपर्णी आली की जॅकवेलच्या, म्हणजे नदीतून पाणी उपसायच्या विहिरीच्या, जाळीला हिरवी गादी चिकटते. माणसं आकड्याने ओढून काढतात, तोवर पंपाचा आवाज बदललेला असतो. पहिल्या पावसात पाणी चहासारखं येतं, तुरटीचा डोस वाढवावा लागतो आणि तरी केंद्राची क्षमता खाली येते. बंद वाहिनीने हा त्रास बराच वाचेल, हे मान्य.

पण बंद वाहिनीने धरण मोठं होत नाही. पवना साडेआठ टीएमसीचं (अब्ज घनफूट) आहे, तेवढंच राहणार. वाटेतला तोटा वाचेल तेवढीच भर. एक दिवसाआडचं कारण शहराची वाढ आहे, आणि वितरणातली गळती आणि चोरीची कनेक्शनं. म्हणूनच तर आंद्रा आणि भामा आसखेड या दुसऱ्या धरणांकडे जावं लागलं. नवीन पाइप जुन्या गळक्या जाळ्याला जोडून काय साधणार?

थेरगावची पोर
माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या प्रदूषित नद्यांच्या यादीत पवनेचा कोणता पट्टा होता, माहितेय? रावेत ते दापोडी. म्हणजे आपण जिथून पाणी उचलतो त्याच्या खालचा, पूर्ण आपल्या शहरातला. रावेतच्या वर नदी अजून नदी आहे, कारण ते पाणी आपण पितो. वर कुणी मैला सोडला की आपल्याकडे बोंब होते, नमुने घेतले जातात, नोटिसा जातात. थेरगावच्या पुलावर उभं राहा, फेस आणि वास दोन्ही मिळेल, आणि बोंब मारायला कुणी नाही, कारण ते पाणी कुणाच्या नळाला येत नाही. पाइप टाकला की वरचे ३५ किलोमीटरही त्याच रांगेत.

निगडीकर
उलट म्हणेन. गहुंजे, सोमाटणे या बाजूला कसे टॉवर उठलेत ते बघा. त्यांचं सांडपाणी कुठे जाणार? तुमची नदी उद्या तशीही नासणार, आणि तेव्हा आमच्याकडे पाइपही नसेल.

थेरगावची पोर
मग त्या टॉवरना भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी मैलाशुद्धीकरण चालू आहे का ते तपासा. परवानगी देणारं प्राधिकरण आणि पाणी पिणारी महापालिका वेगळी, हा खरा घोळ. नदी नासणारच असं धरून पाइप टाकणं म्हणजे छप्पर गळतंय म्हणून घागर विकत घेणं.

बिनपाण्याचा
घागर तरी भरते. आमचं छप्परही गळतं आणि घागरही रिकामी.

जुना फिटर
@निगडीकर, एक विचारतो. तुमच्या सोसायटीत मीटर किती फ्लॅटना आहेत?

निगडीकर
एकच आहे, मेन लाइनला. काका, तुम्हाला कुठे जायचंय ते कळलं. पुढच्या मीटिंगला या, पण हेल्मेट घालून या.