मराठी शाळेच्या वर्गखोल्यांचे बिल

कार्यकारिणीस सप्रेम नमस्कार.

कॅलिफोर्नियात घर घेतल्यापासून आपण सारे मालमत्ता कर भरतो आणि त्यातला मोठा वाटा सरकारी शाळांनाच जातो. असे असताना आपली मराठी शाळा ज्या सरकारी शाळेत भरते, तिने रविवारच्या अडीच तासांसाठी आपल्याकडून पुन्हा पैसे घ्यावेत आणि त्यापायी मराठी शाळेची फी वाढावी, हे पटत नाही. मंडळाने भाडेमाफीसाठी अर्ज करावा, ही विनंती.

– एक पालक

नमस्कार.

अर्ज करायला हरकत नाही, परंतु त्याआधी बिल नीट वाचावे. त्यात खोल्यांची रक्कम किरकोळ आहे. खरा बोजा सफाई कर्मचाऱ्याच्या जादा वेळेचा आहे. आपला वर्ग दहाला भरून साडेबाराला सुटतो, पण रविवारी कर्मचाऱ्याला बोलावले की किमान चार तासांचा पगार दीडपट दराने द्यावा लागतो. म्हणजे अडीच तासांच्या बाराखडीसाठी आपण सहा तासांचे पैसे मोजतो.

राज्याच्या सिव्हिक सेंटर कायद्याने ना-नफा संस्थांना शाळेची जागा वापरू देण्याची तरतूद आहे. मात्र वीज, सफाई, कर्मचाऱ्यांचा पगार असा प्रत्यक्ष खर्च वसूल करण्याची मुभाही त्याच कायद्याने दिली आहे. कराचे म्हणाल, तर 1978 च्या प्रपोझिशन 13 ने (मतदारांनी मंजूर केलेल्या राज्याच्या तरतुदीने) मूळ मालमत्ता कर करमूल्याच्या 1 टक्क्यावर रोखून धरला आणि 2013 पासूनच्या राज्याच्या निधीवाटप सूत्रानुसार बहुतेक शाळा-जिल्ह्यांचा (सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांचा) निधी मुलांच्या सरासरी दैनिक हजेरीवर ठरतो. रविवारी ‘श्री’ गिरवणारी आपली मुले त्या हजेरीपटावर नसतात, म्हणून त्या वर्गासाठी शाळेला निधी मिळत नाही. (तिकीट लावून केलेल्या नाटकाचा हिशेब आणखी वेगळा: जमा झालेली शिल्लक त्या शाळा-जिल्ह्यातील विद्यार्थ्यांसाठी किंवा धर्मादाय कामासाठी खर्च होणार नसेल, तर सभागृहाचे बाजारभावाने भाडे पडते. नाट्यसमितीने हे आताच लक्षात घ्यावे.)

माझ्या मते माफीपेक्षा वार बदलणे फायद्याचे आहे. शनिवारी त्याच इमारतीत दुसऱ्या एका भाषेची शाळा भरते, त्यामुळे कर्मचारी तिथे असतोच आणि त्याच्या वेळेचा खर्च दोघांत वाटून घेता येईल.

– खजिनदार

खजिनदारांच्या पत्राला माझी एक पुरवणी. मागील बिलात अर्ध्या तासाची वाढ झाली, ती पाच नंबरच्या खोलीमुळे. आपण गोलात मांडलेल्या चोवीस खुर्च्या तशाच राहिल्या आणि त्या कर्मचाऱ्याला पुन्हा रांगेत लावाव्या लागल्या. यापुढे शिक्षकांनी वर्ग सुरू होण्यापूर्वी खोलीचा फोटो काढावा आणि निघताना खुर्च्या त्याप्रमाणे लावूनच दार ओढावे.

– शाळा समन्वयक

सहा तासांचा हिशेब माझ्या ध्यानात आला नव्हता. भाडेमाफीची विनंती मागे घेतो. शनिवारी साडेअकराला मुलीचा भरतनाट्यमचा वर्ग असतो, तेव्हा मराठी शाळा नऊ वाजता भरणार असेल तर माझी संमती धरावी.

– एक पालक